अर्धा आटा

जिनिंगच्या मागच्या शेडात अकरा वर्षं उभी होती ती,
लाल, दोन दारांची, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी.
विशाखा चांडकनं ताडपत्री ओढली तेव्हा
आत उंदीर नव्हता, साप नव्हता,
नुसता कापूस.
बॉनेटच्या फटीत, दिव्यांच्या काचेमागं,
एअर फिल्टरात तर उशी भरावी इतका.

"काकांची गाडी. हिची ताकद वाढवायचीय."
गोतमारे मिस्त्री तंबाखू मळत राहिले.
"आधीची कुठी गेली, थे पाह्यलं का?"

अकोटबाहेर अंजनगाव रस्त्यावर आमचं गॅरेज.
थ्रेशर, मोटरपंप, काळी-पिवळी.
टर्बो पाहिला होता तो ट्रॅक्टरचा,
गोगलगायीसारखा इंजिनला चिकटलेला.
"हेबी तेच," मिस्त्री म्हणाले,
"इंजिन जो धूर फेकून देते
त्याच्यावर पंखा फिरते,
आन तो भाईरची हवा आत कोंबते.
फुकटचं काईच जाऊ देत नाई हे बाई."

पहिले आठ दिवस आम्ही काहीच वाढवलं नाही.
साबणाचं पाणी लावून फुगे शोधले, पंक्चरवाल्यासारखे.
सात ठिकाणी निघाले.
रबराच्या नळ्या वाळल्या चिंचेसारख्या तडकलेल्या,
कोंबलेली हवा वाटेतच पळून जायची.
नळ्या अकोल्याहून आल्या,
क्लिपा ठिबकवाल्याकडून उधार.
नव्या प्लगची फट जरा कमी ठेवली,
नाहीतर जोराच्या हवेत ठिणगी विझते
फुंकर चुकलेल्या चुलीसारखी.
मागचा नळ जाड केला.
"खाल्लेलं निंगालं तर पाहिजे ना बे."

मे महिना. सावलीत सेहेचाळीस.
तापलेली हवा फुगते, आत मावत नाही,
म्हणून टर्बोनंतर हवेसाठी एक जाळी असते,
घरच्या कूलरची चुलतबहीण.
तिच्या पाती चेपलेल्या, मातीनं लिंपलेल्या.
तीन दुपारी मी त्या सरळ करत बसलो
गोधडीच्या सुईनं, एकेक.
नंबरप्लेट चार बोटं बाजूला सरकवली,
वारा थेट तोंडावर यावा म्हणून.

मग शेवटचं काम, अंगठ्याएवढं.
फवारणी पंपातली स्प्रिंग,
सायकलचा एक छर्रा,
पितळेची नळी, मी लेथवर काढलेली,
वर एक स्क्रू.
पिळला की हवेचा दाब चढतो.

एक आटा.
काटा हलला.
दीड.
मिस्त्रींनी हातोडीचा दांडा इंजिनला टेकवला,
दुसरं टोक कानाला.
आत कुठंतरी ज्वारीच्या लाह्या फुटत होत्या.
अर्धा आटा मागं.
लाह्या थांबल्या.
"इथं."
"अजून थोडं?" विशाखानं विचारलं.
"देतो. मंग घरी पायी जाचं."

पहाटे पोपटखेडच्या रस्त्यावर ती चालवत होती,
मी शेजारी, मांडीवर दाबाचा काटा.
तीन हजार फेऱ्यांपर्यंत काहीच नाही.
पानठेल्यासमोर बसल्यासारखं.
आणि मग कुणीतरी पाठीमागून
दोन्ही खांदे धरून ढकलून दिलं.
बाभळी एकमेकींत मिसळल्या.
ती हसत होती की ओरडत होती, कळलं नाही,
मी काटा पाहायचाच विसरलो.

रोही उभा होता रस्त्याच्या मधोमध.

तिनं पाय दाबला. गाडी ऐकत नव्हती.
ऐकत नव्हती.
ऐकली, हातभर आधी.
पंख्याच्या जाळीतून काकांच्या काळचा कापूस
उडून आमच्या मांड्यांवर पडला.
रोह्यानं आमच्याकडं पाहिलं,
शेपटी हलवली, तुरीच्या धुऱ्याकडं गेला
अजिबात घाई न करता.

परत येताना चाळीसच्या वर नाही.

मिस्त्री खाटेवर चहा पीत होते.
"कशी पयते?"
"पळते," विशाखा म्हणाली. "थांबत नाही."
त्यांनी बशी खाली ठेवली,
चारही चाकांकडं एकदा पाहिलं
आणि पाना माझ्या दिशेनं फेकला.